अस्तरातली लोकर

“ही टोपी खोटी हाय, एवढं चार माणसांत येऊन सांगा. दुसरं काय मागत न्हाई तुमच्याकडं.”

दुकानाच्या पायरीवर उभी राहून ती बाई हे बोलली. मी एका आजोबांच्या डोक्यावर काळी टोपी बसवून बघत होते, ती तशीच राहिली. जुन्या विलायती टोप्या घेऊन माझ्याकडे माणसं यायची ती एकच पालुपद घेऊन. बाई, अस्सल आहे. साहेबाची आहे. आजोबांना राजवाड्यातून मिळाली. खरी म्हणा म्हणून गळ घालणारे पुष्कळ पाहिले होते. खोटी म्हणा म्हणून पदर पसरणारी ही पहिलीच. माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमचं दुकान कोल्हापुरात, महाद्वार रोडच्या मागच्या बोळात. हेरवाडकर टोपीवाले. धंदा गांधी टोपीचा आणि काळ्या टोपीचा. पण लढाईच्या काळात इथून जवळच वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, बायका आणि पोरंच जास्त. ते लोक निघून गेल्यावर मागे राहिलेल्या सामानातली एक ट्रंक आमच्या अण्णांनी घेतली. आत बायकांच्या टोप्या निघाल्या. कोल्हापुरात त्या घालणार कोण? टोप्या खपल्या नाहीत. मी त्यांच्याशी भातुकली खेळले आणि मोठी झाल्यावर त्यांच्यातच गुंतले. बेळगाव, गोवा, मिळेल तिथून आणखी जमवल्या. टोपीच्या आत, अस्तरावर, कारागिराचं नाव शिवलेलं असतं. त्या नावांमागची माणसं शोधायची मला खोड लागली. कुठल्या कुठल्या गावच्या कचेऱ्यांना, चर्चना पत्रं धाडायची. उत्तरं क्वचित यायची. मग मी माझ्यापुरता एक नेम केला. दर एकादशीला टोप्यांना ऊन दाखवायचं आणि देवापुढे बसून एकेका कारागिराचं नाव घ्यायचं. इतक्या जणांची डोकी ज्यांनी झाकली, त्यांचं नाव घ्यायला कुणीतरी हवं. आमच्या वैनी म्हणायच्या, “वन्सं, लोक विष्णुसहस्रनाम म्हणतात, तुम्ही टोपीसहस्रनाम म्हणा.” अजून म्हणते. त्यातली एक टोपी माझ्याजवळ नाही, तरी तिची दोन नावं मी एका दमात घेते.

ती हीच टोपी.

“आत या,” मी म्हणाले. आजोबांना काळी टोपी बांधून दिली आणि पाटावर तिला बसायला सांगितलं. पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटक. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं, तरी पदर कानांवरून घट्ट ओढून हनुवटीखाली धरलेला. काखेतलं गाठोडं तिनं सोडलं. काळ्या घोंगड्याच्या तुकड्यात एक गर्द रंगाची टोपी. घंटेच्या आकाराची, छोट्या काठाची, डाव्या बाजूला लोकरीचं फूल.

“नाव काय तुमचं?”

“बायाक्का. सिद्धू सणगराची लेक. कॅम्पापलीकडंच गाव आमचं.”

सणगर म्हणजे घोंगडी विणणारे, लोकरीची जाड जेनं थापणारे. मी चहा मागवला. तिनं बशी ओठाला लावली, पण डोळे टोपीवरच.

“आमच्या आप्पास्नी कॅम्पात यायजायची मुभा हुती,” ती सांगू लागली. “घोंगडी इकायचे, जेन इकायचे. मड्डम लोकांच्या खोल्यांत गारवा लई, त्या घ्यायच्या. मग कॅम्प उठला. आन ही टोपी आमच्या घरात गावली, जेनाच्या चळतीखाली. झालं. सिद्ध्यानं मड्डमची टोपी चोरली.”

“आप्पा काय म्हणाले?”

“कायच न्हाई.”

“म्हणजे नाकारलंही नाही?”

“चोरीवर तोंडच उघडलं न्हाई वो. सप्ता चालू हुता. आप्पांचा पहारा, वीणा त्येंच्या गळ्यात. तात्या चौगुल्यानं हुभ्या हुभ्या उतरून घेतली. तवापासनं आमच्या घरचा पहारा बंद. आप्पा गेले तवा गावानं खांदा दिला, पर टाळ वाजला न्हाई.”

मला काय ते समजलं. ज्यांना सप्ताह ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नामाचा सप्ताह बसला की वीणा खाली टेकत नाही. ती सतत कुणाच्या तरी गळ्यात उभी असते. घरागणिक पहारा लावून दिलेला असतो, दिवसा बायकाही उभ्या राहतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ज्या घराला पहारा नाही ते घर गावात असून नसल्यासारखं. आणि इथं तर वीणेकऱ्याची चिता टाळाशिवाय पेटली होती.

तरी मनातली पाल गप्प बसेना.

“टोपी खोटी ठरली म्हणून काय होईल, बायाक्का?”

“मड्डमची नसंल तर चोरी कसली? यंदा गाव म्हणलंय, टोप्यांची जाणती बाई सांगंल ते ऐकू. सप्ता परवा बसतोय. काल्याच्या आत सांगा. काला झाला की वीणा उतरली, मग फुडल्या साली कोण हाय, कोण न्हाई.”

“आणि खरी निघाली तर?”

तिनं बशी खाली ठेवली. “मग खरी सांगा,” ती म्हणाली, पण हनुवटीखालचा पदर तिनं आणखी आवळला.

ती गेल्यावर मी टोपी उलटी केली. आत रेशमी अस्तर आणि त्यावर शिवलेली विणीव पट्टी. हेलेना व्रोन्स्का, ल्वूव.

ल्वूव हे तेव्हा पोलंडमधलं शहर. बाईचं नाव मला तोंडपाठ होतं. अण्णांच्या ट्रंकेतल्या एका करड्या टोपीत हेच नाव होतं. या बाईबद्दल मी चारदा पत्रं लिहिली होती, एकाचंही उत्तर नव्हतं. म्हणजे टोपी मड्डमचीच. आता बायाक्काला काय सांगायचं?

पण हाताला काहीतरी वेगळं लागत होतं. चांगली विलायती टोपी सशाच्या केसांची असते, बोटांखालून सुळकन जाते. ही बोटांना चावत होती. मी केटली ठेवली आणि टोपी वाफेवर धरली. आणि दुकानात वास पसरला तो ओल्या मेंढीचा! त्याच्या पाठोपाठ चिंचोक्याच्या खळीचा. कोल्हापुरातल्या माणसाला नव्या घोंगड्याचा हा वास सांगावा लागत नाही. लोकर न विणता, ओली करून, थापून, तुडवून जे जाड अंथरूण करतात, ते जेन. ही टोपी जेनाची होती.

आता माझा संशय उलट्या दिशेनं फिरला. टोपी इथली आणि पट्टी तिथली? बायाक्काच्या घरी जेन आहे, खळ आहे. मड्डमच्या खऱ्या टोपीतली पट्टी काढून हिनं स्वतःच केलेल्या टोपीत शिवली असेल तर? पण मग तिनं पट्टी शिवलीच कशाला? खोटी ठरवायची तर पट्टी फेकून द्यायची. की खळ आत्ताच लावली? मी काठाचा एक धागा उसवून आत पाहिलं. खळ आतपर्यंत मुरलेली होती, जुनी, किड्यांनी टोकरलेली. कालपरवाची नव्हे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. पांढरं धोतर, कपाळाला बुक्का, ताठ चाल. काळी टोपी मागितली, आरशात बघून डोक्यावर नीट बसवली, पुन्हा काढली.

“तात्या चौगुले,” ते म्हणाले. “सिद्ध्याची लेक आलती म्हणं.”

“तुम्हाला कोण म्हणालं?”

“कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय, बाई? टोपी खरी का खोटी?”

“बघतेय अजून.”

“बघा, बघा. देवाचं काम हाय. तुमी कीर्तनाला असता, मी बघितलंय तुमास्नी, डोळं मिटून डुलत असता. म्हणून सांगतो. त्या टोपीत डाव्या अंगाला, अस्तराच्या आत, काय तरी शिवलंय. गाठ लागती हाताला.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

“मीच चाचपली की तवा. म्हणलं, उकला, मड्डमचं सोनं आसंल. तर सिद्ध्यानं माझा हात धरला. म्हणला, वीणा घ्या, पर टोपी उकलू नगासा.”

“असं म्हणाले?”

“हेच शबुद. आता मला सांगा, आत पाप नसंल तर माणूस वीणा सोडतोय व्हय?”

“आणि मग तुम्ही वीणा घेतलीत.”

“घेतली.” त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “आजवर खाली टेकू दिली न्हाई.”

टोपी न घेताच ते गेले. मला तो माणूस आवडला नाही. गावच्या भजनी मंडळाचा मान त्यांच्याकडे कसा आला, ते आता कळलं होतं, आणि तो टिकवायचा तर टोपी खरी ठरायला हवी होती. पण त्यांनी सांगितलं ते खोटं नव्हतं. मी अस्तरात बोटं घातली. डाव्या बाजूला, कानाच्या वर येईल अशा ठिकाणी, लहान मुलाच्या मुठीएवढी गाठ. आतापर्यंत मला ती दबलेल्या फुलाची वाटली होती.

मी दुकानाची फळी अर्धी लावून घेतली आणि अस्तराचे चार टाके उकलले. देवाला हात जोडूनच उकलले. आत सोनं नव्हतं. लोकर होती. काळी, धुतलेली, पिंजून घट्ट वळलेली, आणि टोपीला आतून पक्की टाचलेली.

सोनं काढून घेऊन बायाक्कानं लोकर भरली, हा माझा पहिला विचार. दुसरा विचार, मग मला टोपी देते कशाला? तिसरा विचार करायच्या आधी मी कपाटातली करडी टोपी काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. इतक्या वर्षांत या व्रोन्स्काबाईंबद्दल मला एकच गोष्ट कळली होती. ती डावखुरी होती. तिचे टाके उलटे कलतात. उजव्या हाताच्या कारागिराला तसा टाका घालता येत नाही. करड्या टोपीत टाके उलटे. या टोपीतही पट्टीचे टाके उलटे. अस्तराचे उलटे. त्या लोकरीच्या गाठीचेही उलटे. आणि दोरा तोच, पिवळा पडलेला रेशमी.

म्हणजे पट्टी लावणारी तीच, अस्तर घालणारी तीच, आणि लोकर आत भरणारीही तीच. घरदार सोडून, बर्फातून आणि समुद्रातून इतक्या लांब आलेल्या त्या बाईनं सोबत स्वतःच्या नावाच्या पट्ट्या आणल्या होत्या. इथं सशाचे केस कुठले? तिनं सिद्धू सणगराच्या जेनाची टोपी केली आणि त्यावर आपलं नाव शिवलं. असा कारागीर असेल तर त्याचं नाव रोज घ्यावं.

टोपी खरी होती. आणि बायाक्काचे वडील? त्यांनी चोरली की नाही, याबद्दल टोपी एक अक्षर बोलत नव्हती. उलट वाईटच. मड्डमच्या हातची, मड्डमच्या नावाची. ती सणगराच्या घरात, चळतीखाली लपवलेली. माप बघितलं तर लेकराचं, पाचसहा वर्षांच्या. कॅम्पात पोरं तर पुष्कळ होती. आणि ती गाठ कशासाठी? कुठलाही टोपीवाला डोक्याला रुतेल अशी गाठ आत ठेवणार नाही. मी टाके परत घातले. माझे टाके सरळ पडले, ते बघून उगीच वाईट वाटलं.

काल्याच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या गावी गेले. देवळापुढे मांडव, दारात सडा, दहीहंडी बांधून तयार. मांडवाच्या मधोमध तात्या चौगुले वीणा घेऊन उभे. बायाक्का वाटेवरच भेटली.

“खोटी हाय न्हवं?”

“बायाक्का, अस्तरात काहीतरी शिवलंय, ते तुम्हाला माहीत होतं?”

तिची नजर खाली गेली. “व्हय.”

“मला सांगितलं नाहीत.”

“आप्पांनी जाताना शपथ घातलीया. टोपी जपायची, पर आतलं उकलायचं न्हाई.”

“काय आहे आत?”

“म्या उकललंच न्हाई तर काय सांगू?” ती चिडली. “तुमी बी तात्यासारखंच इचारायला लागला.”

खरंच, मी तात्यांसारखंच विचारत होते.

कीर्तन सुरू झालं. बुवा तरुण होते, गळा मोकळा, आणि मृदंग असा की छातीत वाजावा. माझं सांगू नका. कीर्तन लागलं की मी टोपी विसरते, दुकान विसरते, गुडघेदुखी विसरते. पण त्या दिवशी डोळे मिटत नव्हते. बुवा काल्याचा अभंग सोडवता सोडवता आईवर आले. म्हणाले, “आई लेकराचा डाग कधी पुसते, ठाऊक आहे? चार माणसांत नाही पुसत. आधी पदराखाली घेते. मग पुसते. लोक म्हणतात, आई काहीतरी लपवतेय. अहो, लपवतेच! पण काय लपवते आणि कुणासाठी लपवते, ते तिला विचारा!” मांडवात हशा पिकला, टाळ्या झाल्या, विठ्ठल विठ्ठल झालं.

हंडी फुटायच्या आधी बायका एकेक करून गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकवायला निघाल्या. माझ्यापुढे बायाक्का होती. ती वाकली. डोकं टेकलं आणि मागून कुणाचा तरी धक्का लागला, पदर खांद्यावर घसरला. क्षणभरच. तिनं तो चटकन ओढून घेतला.

पण मला दिसलं. डाव्या कानाच्या वर, केस ओढून बसवले होते तिथं, डोक्याला खळगा होता. लहान मुलाची मूठ मावेल एवढा.

माझ्या बोटांना ती लोकर आठवली. मी देवाला नमस्कार करायचा विसरले आणि बायाक्काचा हात धरून तिला देवळामागं, आडाजवळ नेलं.

“लहानपणी पडला होतात?”

तिचा हात लगेच कानावर गेला. “कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. आत्ता दिसलं.”

पदर सावरत ती म्हणाली, “रांगती हुते तवा उखळावर पडले म्हणत्यात. आप्पा बारा महिने माझ्या डोक्याला टोपरं घालायचे. कुणाला बघू दिलं न्हाई. लगनातबी दिसू दिलं न्हाई. मालकांनी मागनं बघितलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणले, भाकरीला काय फरक पडतोय?” ती जराशी हसली, आणि हसू तिथंच विरलं. “का वो?”

“बायाक्का, कॅम्पातली एखादी मड्डम आठवते?”

“आठवती की. कॅम्प उठायच्या जरा आधी एक यायची घरी. माझं डोकं चाचपायची, मापाची पट्टी लावायची. गार बोटं हुती तिची. मी बोंब मारायची, आन आप्पा हसायचे. चावली बी हुते एकदा तिला.”

“कुठल्या हाताला?”

“डाव्या. त्याच हातानं चाचपायची.”

मी टोपी पिशवीतून काढली, उलटी केली आणि तिचा अंगठा त्या गाठीवर ठेवला. “यात सोनं नाही. लोकर आहे. वरून टोपी सरळ दिसावी, म्हणून आत तेवढीच लोकर भरलीय, जेवढा तुमचा खळगा आहे.”

ती अंगठ्यानं गाठ चाचपत राहिली. मांडवातून टाळांचा आवाज येत होता.

“म्हंजे आप्पा गप बसले, ते…”

तिचा दुसरा हात पुन्हा कानावर गेला.

“मी एवढंच सांगते की लोकर तुमच्या घरची आहे,” मी म्हणाले. “जे त्यांनी झाकलं ते उघडायचा मला अधिकार नाही.”

“तेवढ्यानं आमचा पहारा मिळंल?”

“नाही. तात्या विचारतील, आत काय आहे.”

“इचारणारच त्यो,” बायाक्का म्हणाली. पदर हनुवटीखाली घट्ट आवळून ती मांडवाकडे चालू लागली.

बुवांनी कीर्तन थांबवलं होतं. सगळं गाव बसलेलं. वीणा घेतलेले तात्या माझ्याकडे वळले.

“सांगा बाई. देवाच्या दारात हाय. खरी का खोटी?”

“खरी,” मी म्हणाले.

मांडवात कुजबुज उठली. तात्यांनी मान हलवली. “ऐकलंसा?”

“तात्या, पुरं ऐका. हेलेना व्रोन्स्का नावाच्या बाईनं ती स्वतःच्या हातानं शिवली. आणि टोपी सिद्धू सणगरांच्या जेनाची आहे.”

“जेन त्येचं, टोपी मड्डमची. मग चोरीच न्हवं का? आन अस्तरात काय हाय, ते का सांगंनासा?”

“सोनं नाही.”

“मग काय?”

मी बायाक्काकडे पाहिलं. आता गप्प बसण्याचीही पाळी माझ्यावर आली होती, आणि सारं गाव माझ्याकडे तसंच बघत होतं, जसं कधीकाळी सिद्धू सणगरांकडे बघितलं असेल. हिलाही काहीतरी लपवायचंय, असंच.

बायाक्का पुढं झाली. माझ्या हातातली टोपी घेतली. दुसऱ्या हातानं तिनं हनुवटीखालचा पदर सोडला आणि खांद्यावर टाकला. केसांची ओढून बसवलेली बट बाजूला सारली. मांडवात कुणीतरी “आगं बाई” म्हणालं. लेकराची टोपी, तिच्या डोक्यात ती मावणार नव्हती. तिनं ती कलती करून नुसती टेकवली. जात्याच्या खिळ्यावर वरचा दगड बसावा तशी ती गाठ खळग्यात बसली, आणि तिनं हात काढून घेतला तरी टोपी पडली नाही.

“माझी हाय,” ती म्हणाली. “मड्डमनं माझ्यासाठी केलती.”

तात्यांनी गळ्यातली वीणा सावरली. “मग तवा बोलायचं हुतं की सिद्ध्यानं. आमी काय…”

“चार माणसांत माझं डोकं उघडं करून दावायचं? मग माझं लगीन तुमी लावणार हुता व्हय, तात्या?”

तात्यांची नजर आधी टोपीवर, मग वीणेवर गेली. बुवांनी एक शब्दही बोलायचा प्रयत्न केला नाही, याबद्दल मी त्यांना अजून मानते.

तेवढ्यात तात्यांचा पहारा संपल्याचा टोल पडला. पुढचा पहारा ज्या घरचा होता तो माणूस खांबाशी बसला होता. तो उठला नाही. त्याच्या शेजारचाही उठला नाही. दुसरा गळा पुढे आल्याशिवाय वीणा सोडता येत नाही, आणि पुढं एकटी बायाक्काच उभी होती. म्हातारा तसाच उभा राहिला. त्यानं एकेकाकडे पाहिलं, तरी कुणी उठेना. मृदंगावर बोटं ठेवून मृदंगवालाही बसून राहिलेला.

अखेर तात्यांनी मान वाकवून वीणा गळ्यातून काढली.

रीत अशी की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. बायाक्का वाकली. टोपी तिच्या डोक्यावरून ओघळली, ती मी वरच्यावर झेलली. मग तात्या वाकले. त्यांना वेळ लागला, गुडघे धरून वाकले, आणि सिद्धूच्या लेकीच्या पायाला हात लावून ते तसेच थोडा वेळ राहिले. उठले तेव्हा वीणा तिच्या गळ्यात होती.

कुणीतरी टाळ धरला. विठ्ठल विठ्ठल सुरू झालं. मी पुढं होऊन तिचा पदर डोक्यावर घालायला हात उचलला, कारण तो खांद्यावरच पडला होता आणि ऊन सरळ त्या खळग्यावर येत होतं. तिनं नुसती मान हलवून नको म्हटलं.

तिचे दोन्ही हात वीणेत होते.